तंबाखू तोंडापाशी थांबत नाही

खान्देशात व्यसन आणि आजार यांची एक जोडी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. तंबाखू खाणाऱ्याला तोंडाचा कॅन्सर, विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाचा, आणि दारू पिणाऱ्याचं लिव्हर जातं. जळगावच्या बाजार समितीतला हमाल असो की धुळ्याच्या पानटपरीवर उभा असलेला कॉलेजचा पोरगा, विचारलं तर हीच तीन उत्तरं येतील. ही उत्तरं चुकीची नाहीत. पुडीवरची अंगावर येणारी चित्रं, शाळांच्या व्यसनमुक्तीच्या फेऱ्या, आरोग्य शिबिरात टॉर्च मारून होणारी तोंडाची तपासणी, या सगळ्यांनी मिळून ती रुजवली आणि त्यांचा उपयोगही झाला. पण त्यांच्यासोबत एक खोटा दिलासाही रुजला. तोंडात काही निघालं नाही, म्हणजे तंबाखू पचली. सोनोग्राफीत लिव्हर ठीक आलं, म्हणजे दारू पचली. या दोन्ही निवाड्यांतून एक अवयव दरवेळी सुटतो, तो म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पसरलेलं स्वादुपिंड. तोंडाला व्रण पडतो, पांढरा चट्टा येतो, आ वासता येत नाही. माणसाला सावध व्हायला निदान संधी मिळते. स्वादुपिंड अशी संधी जवळजवळ देत नाही. म्हणून ज्या आजाराला वेळेत पकडण्याची सोय नाही, त्या आजाराच्या बाबतीत सवयीचा विचार आधी करावा लागतो, आणि खान्देशात तो तोंड, फुप्फुस, लिव्हर या तीन खान्यांच्या बाहेर जाऊन करावा लागतो, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. मात्र पुरावा सगळीकडे सारखा घट्ट नाही. जिथं तो पक्का आहे तिथं पक्का, जिथं पातळ आहे तिथं पातळ, असंच सांगितलं पाहिजे. भीती घालण्यासाठी फुगवून सांगितलेली गोष्ट पानटपरीवर दोन दिवसही टिकत नाही.

स्वादुपिंड साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचं असतं. त्याची दोन कामं. अन्न पचवणारा रस तयार करून तो लहान आतड्यात सोडणं हे एक, आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणं हे दुसरं. कॅन्सर बहुतेक वेळा पाचकरस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरात सुरू होतो. अवयव इतका खोल की हाताला गाठ लागत नाही, आणि सुरुवातीला दुखतही नाही. पोट भरल्यासारखं वाटणं, भूक मंदावणं, पाठीत बारीक कळ, अशी लक्षणं असली तरी ती पित्ताच्या गोळीखाली झाकली जातात. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी उरलेली असते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षभरात या कॅन्सरचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका जवळ असणं, हेच या आजाराचं स्वरूप सांगून जातं. अमेरिकेसारख्या देशातही निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात तेराच्या आसपास आहेत. मराठी घरांत या आजाराचं नाव पोचलं ते बहुधा मनोहर पर्रीकरांमुळे. गोव्याचे मुख्यमंत्री असताना, २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांचा आजार पुढे आला. मुंबईत, अमेरिकेत उपचार झाले. १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले. उत्तमातले उत्तम उपचार मिळूनही मध्ये जेमतेम तेरा महिने होते.

आता सवयींकडे. सर्वांत घट्ट पुरावा धूम्रपानाविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तंबाखूचा धूर हे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं सिद्ध कारण मानलं आहे. २००८ मध्ये ८२ अभ्यास एकत्र करून झालेल्या एका मोठ्या पाहणीत, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांमध्ये हा धोका पाऊणपटीने जास्त आढळला. इतर काही मोठ्या पाहण्यांत तो दुप्पट किंवा किंचित अधिक येतो. जितकी वर्षं आणि जितक्या जास्त काड्या, तितका धोका चढा, हा क्रमही दिसतो, आणि असा क्रम दिसला की योगायोगाची शक्यता मागे पडते. पाश्चात्त्य देशांत या कॅन्सरच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाचा संबंध धूम्रपानाशी लावला जातो. धूर फुप्फुसात जातो, मग स्वादुपिंडाला काय होणार, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर रक्तात आहे. तंबाखूतले नायट्रोसामाइन गटातले घातक पदार्थ रक्तातून सर्वत्र फिरतात; धूम्रपान करणाऱ्यांच्या स्वादुपिंडाच्या रसातच ते सापडलेले आहेत. याच पदार्थांचं पाणी उंदरांना पाजलं तेव्हा त्यांच्या स्वादुपिंडात गाठी झाल्या. प्रयोगात धूर नव्हताच, फक्त पाणी होतं, ही गोष्ट पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विडी सिगारेटपेक्षा साधी, पानातली, म्हणून सौम्य, असं मानणारेही पुष्कळ. सातपुड्यातून उतरणारा तेंदूपत्ता नीट जळत नाही. विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोरात ओढावी लागते, आणि त्यातून निकोटीन, टार सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही.

पण इथं खान्देशी वाचक एक रास्त हरकत घेईल. आमच्याकडे ओढणारे आता राहिलेत किती? हरकत आकड्यांनाही मान्य आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांत ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः चुना लावून मळलेल्या तंबाखूचा, मावा-गुटख्याचा, आणि बायकांच्या मशेरीचा आहे. ‘नाना विडीला हात लावत नाहीत, नुसती तंबाखू खातात’ हे वाक्य घरोघरी प्रशस्तिपत्रासारखं म्हटलं जातं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खान्देशाला मध्य प्रदेश आणि गुजरात अशा दोन्ही राज्यांच्या सीमा लागून आहेत. शिरपूरकडून आग्रा महामार्गाने, रावेर-मुक्ताईनगरला लागून असलेल्या बऱ्हाणपूरकडून, नवापूरच्या बाजूने माल येतो आणि पकडलाही जातो. पकडल्याच्या बातम्या येतात त्याअर्थी तो येणं थांबलेलं नाही, हे उघड आहे.

या बिनधुराच्या तंबाखूबद्दल शास्त्र काय म्हणतं? वर उल्लेख केलेल्या संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये बिनधुराच्या तंबाखूला तोंडाच्या कॅन्सरबरोबर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचंही कारण म्हणून नोंदवलं. त्यामागे मुख्य आधार उत्तर युरोपातला होता. स्वीडनमधल्या बांधकाम मजुरांच्या पाहणीत, कधीही न ओढलेल्या पण ओठात ‘स्नूस’ ही ओली तंबाखू धरणाऱ्यांमध्ये हा धोका दुपटीच्या घरात निघाला. नॉर्वेतही वाढलेला दिसला. पण नंतर अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा तसा संबंध आढळला नाही, आणि स्वीडनच्याच मोठ्या एकत्रित पाहणीतही तो दिसेनासा झाला. थोडक्यात, ओढण्याइतका हा पुरावा निर्विवाद नाही. व्यसनमुक्तीचं काम करणारे हा भाग सांगायचं टाळतात, आणि मला ते चूक वाटतं. कारण सांगून टाकलं तरी युक्तिवाद पडत नाही. स्नूस कारखान्यात वाफेने तापवलेली असते, त्यामुळे तिच्यात घातक नायट्रोसामाइन कमी तयार होतात. आपल्याकडची खैनी, जर्दा यांत ही द्रव्यं भरपूर आढळली आहेत. त्यातच चुना कालवला की निकोटीन तोंडातून रक्तात झपाट्याने शिरतं, आणि पिंक कितीही टाकली तरी रसाचा काही भाग गिळला जातोच. स्वीडनच्या सौम्य तंबाखूबद्दलचा वाद आपल्या चुना-तंबाखूला निर्दोष ठरवत नाही. उंदरांचा प्रयोग, रक्तातून होणारा प्रवास आणि ओढणाऱ्यांमधला पक्का पुरावा हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात. एवढ्यावर ‘खाल्लेली तंबाखू स्वादुपिंडाला लागत नाही’ असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही, आणि मळलेली गोळी गालात ठेवणारा माणूस दररोज नेमकं तेच गृहीत धरून चालतो.

दारूचा मामला आणखी गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. आधी मापाचं बोलू, कारण आपल्याकडे दारूचं माप बाटलीत असतं आणि संशोधनाचं ग्रॅममध्ये. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के मद्यार्क असं छापलेलं असतं. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. म्हणजे एका ‘नाइन्टी’त ३० ग्रॅम, आणि १८० मिलीच्या एका ‘क्वार्टर’मध्ये ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली प्यायली तर चाळीसच्या आसपास. आता २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी घ्या. चार खंडांतल्या सुमारे २५ लाख लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारे तीस अभ्यास तिच्यात एकत्र केले होते. रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी चढताना दिसला. पुरुषांत रोज ३० ते ६० ग्रॅम घेणाऱ्यांना, अगदी थोडी घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे १५ टक्के जास्त धोका. ६० ग्रॅमच्या वर गेलं की ३६ टक्के. बायकांमध्ये १५ ग्रॅमपासूनच वाढ दिसू लागते. विशेष म्हणजे, कधीही न ओढलेल्या माणसांतही हा कल दिसला. हे महत्त्वाचं, कारण पिणारे बहुधा ओढतातही आणि आजवर दारूचा दोष धुराच्या आड लपत आला होता. नाइन्टी आणि क्वार्टर हे आपल्याकडचे अगदी नेहमीचे दोन टप्पे, आणि अभ्यासातल्या गटांच्या सीमा नेमक्या त्यांच्यावरच येऊन पडतात.

मात्र याच अभ्यासात एक गोष्ट अशी आहे की पिणारा ती लगेच आपल्या बाजूने वापरेल. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतल्या गटांत हा संबंध दिसला. आशियातल्या गटांत दिसला नाही. शिवाय दारू हे कॅन्सरचं सिद्ध कारण असलं आणि तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्तन अशा अवयवांच्या बाबतीत ते अधिकृतपणे मान्य झालेलं असलं, तरी स्वादुपिंड त्या पक्क्या यादीत अजून नाही. मग खान्देशातल्या माणसाने काळजी का करावी? उत्तर असं की दारू स्वादुपिंडापर्यंत दोन वाटांनी जाते, आणि दुसऱ्या वाटेबद्दल वाद नाही. ती वाट म्हणजे स्वादुपिंडाची सूज. पाचकरसातली द्रव्यं खरं तर आतड्यात गेल्यावर जागी व्हायची असतात. जास्त दारूमुळे ती स्वादुपिंडातच जागी होतात आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. हा झटका एकदा येऊन गेला तर बहुतेकदा शरीर सावरतं. पण पिणं चालू राहिलं तर सूज कायमची होते, पेशींच्या जागी चिवट धागे माजतात, नळ्यांत खडे होतात, पोटात कळ उठते, शौचाला तेलकट होतं, आणि पुढे साखरही बिघडते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे ७० ग्रॅमपासून, म्हणजे क्वार्टरच्या जरा पुढे, या जुनाट सुजेचा धोका तिपटीवर गेलेला दिसला, आणि धूम्रपानाने तो स्वतंत्रपणे वाढवला. अशी जुनाट सूज असलेल्या रुग्णांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दहा वर्षांत १.८ टक्के, वीस वर्षांत ४ टक्के रुग्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. एरवी विरळ असलेल्या आजारासाठी हा आकडा फार मोठा आहे. भारतातल्या जुनाट सुजेच्या सगळ्याच रुग्णांमागे दारू नसते, हेही सांगायला हवं. देशभरातल्या एका पाहणीत ती चाळीस टक्क्यांच्या जरा खाली निघाली आणि बाकीच्या बहुतेकांत कारणच सापडलं नाही. पण ज्यांच्यात ती आहे, त्यांच्यात ती टाळता आली असती.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात मोहाच्या दारूचा प्रश्न वेगळा आहे. पावरा आणि भिल्ल समाजात मोहाला पूजेत, लग्नकार्यात मान आहे, आणि सणापुरती पिणारी माणसं सणापुरतीच पीत आली आहेत. त्यांच्याकडे बघून ‘आदिवासी पितात म्हणून’ असं बोट दाखवणाऱ्यांनी शहरातल्या परमिट रूमचा हिशेब आधी करावा. अडचण हातभट्टीची आहे. तिच्यावर टक्का छापलेला नसतो, त्यामुळे वर केलेलं गणित तिथं चालत नाही; घोट किती ग्रॅमचा आहे हे पिणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही.

आता राहिलेल्या हरकती. पहिली आणि सर्वांत मोठी: हा आजार आपल्याकडे आहेच किती? खरं आहे, कमी आहे. भारतात शंभर कॅन्सर रुग्णांमागे स्वादुपिंडाचा साधारण एकच, आणि अमेरिका-युरोपच्या तुलनेत आपला दर कित्येक पटींनी खाली आहे. ढोबळमानाने आयुष्यभरात हजारात एखादा. तो दुप्पट झाला तरी हजारात दोन. हा हिशेब लपवून नुसतं ‘दुप्पट धोका’ म्हणणं म्हणजे दिशाभूल. पण तंबाखूची पुडी एकाच अवयवाला लागत नाही. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं आहे ते. रोजची रक्कम किरकोळ, पण ती तोंड, अन्ननलिका, फुप्फुस, मूत्राशय, हृदय आणि स्वादुपिंड अशा कित्येक पानांवर एकाच वेळी लिहिली जाते. एका पानावरची रक्कम छोटी दाखवून वही मिटता येत नाही. शिवाय निदान जिथं मुळातच उशिरा होतं, तिथं नोंदलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त.

दुसरी हरकत आबांची. आबा नव्वद वर्षं जगले, शेवटपर्यंत विडी ओढत होते. असे आबा प्रत्येक गावात असतात, आणि हजारातले नऊशे अठ्ठ्याण्णव लोक या आजारातून सुटणार असतील तर असे आबा दिसायलाच हवेत. ते दिसणं हिशेबाच्या विरोधात जात नाही. याचीच उलटी बाजू म्हणजे व्यसन नसलेला माणूस. कुटुंबातून आलेला जनुकीय दोष, वाढतं वय, मधुमेह, लठ्ठपणा, आणि निव्वळ पेशींच्या विभाजनात होणारी चूक, यांतून हा आजार कोणालाही होऊ शकतो. म्हणून एखाद्या रुग्णाकडे बघून ‘काहीतरी सवय असेल’ अशी कुजबुज करणं अज्ञानाचं आहे आणि निर्दयपणाचंही. पर्रीकरांच्या किंवा कोणाही रुग्णाच्या आजारावरून त्याच्या सवयींचा उलटा अंदाज बांधता येत नाही. आकडे हजारो लोकांबद्दल बोलतात. खाटेवरच्या एका माणसाबद्दल ते गप्प असतात.

तिसरी हरकत खान्देशात फार जोरात घेतली जाते, ती फवारणीची. कापसावर, केळीवर इतकी औषधं मारतात, कॅन्सर त्यानेच होतो, तंबाखूचं काय घेऊन बसलात? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या दीर्घ पाहणीत २००९ मध्ये दोन तणनाशकांचा या कॅन्सरशी संबंध दिसला होता, आणि त्यांतलं पेंडिमिथॅलिन आपल्याकडे कापूस, कांदा यांत सर्रास वापरलं जातं. पण त्या अभ्यासात रुग्ण शंभराच्याही आत होते. एवढ्यावर कारण सिद्ध होत नाही. फवारताना तोंडाला रुमाल, हातात मोजे हवेत हे निश्चित. आणि फवारलेल्या हाताने तंबाखू मळून ती तोंडात टाकणाऱ्याने तरी एका संशयामागे दुसरा गुन्हा लपवू नये.

वजन आणि साखर यांबद्दल थोडक्यात. लठ्ठपणामुळे हा धोका वाढतो याचा पुरावा भक्कम आहे. जुन्या मधुमेहातही तो वाढतो. पण मधुमेहाची एक उलटी खूण प्रत्येक घराला ठाऊक हवी. पन्नाशीनंतर अचानक साखर निघालेल्या माणसांपैकी शंभरात साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडतो. म्हणजे तिथं साखर हे कारण नसून आधीच वाढत असलेल्या गाठीचा परिणाम असतो. घराण्यात साखर नाही, वजन वाढण्याऐवजी झपाट्याने उतरतंय, आणि नव्याने शुगर निघाली, असं असेल तर नुसती गोळी घेऊन भागणार नाही.

शहरांत आता ‘फुल बॉडी चेकअप’ची पाकिटं मिळतात आणि त्यांत ‘ट्यूमर मार्कर’ घातलेला असतो. स्वादुपिंडासाठीचा हा मार्कर साध्या काविळीत आणि पित्ताच्या खड्यातही वाढतो, काही लोकांच्या रक्तात तो जन्मजातच तयार होत नाही, आणि लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण माणसांची या कॅन्सरसाठी चाळणी करू नये असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाचा २०१९ चा स्पष्ट सल्ला आहे. पैसे मोजून दिलासा विकत घेता येईल असा हा आजार नाही.

दिलासा असेल तर तो वेळेत आहे. २०१० मध्ये काही रुग्णांच्या गाठींमधल्या जनुकीय बदलांचा माग काढून शास्त्रज्ञांनी अंदाज केला की पेशीत पहिला बिघाड होण्यापासून कॅन्सरची पेशी तयार व्हायला सरासरी अकरा-बारा वर्षं, आणि तिच्यात पसरण्याची ताकद यायला आणखी सहा-सात वर्षं लागतात. काही रुग्णांत सगळं याहून झटपट घडतं, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. तरीही सर्वसाधारण चित्र असं आहे की साठीत उघड झालेल्या आजाराची सुरुवात चाळिशीत, कधी त्याही आधी झालेली असते. ही वर्षं तपासणीला दिसत नाहीत, पण सवय सोडणाऱ्याला ती उपयोगी पडतात. ओढणं सोडलेल्यांचा धोका हळूहळू उतरत जातो आणि पंधरा-वीस वर्षांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला टेकतो. ‘आता सोडून काय उपयोग’ हा प्रश्न पंचेचाळिशीतल्या माणसाने विचारला, तर त्याचं उत्तर याच आकड्यात आहे.

आणि तरीही आजार झालाच, तर खान्देशात वेळ वाया जातो तो बहुतेकदा काविळीत. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ झाली की ती पित्तनळी दाबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, आणि पोट मात्र दुखत नाही. न दुखणारी कावीळ म्हणजे साधी कावीळ, असं समजून माणूस गळ्यात माळ घालतो, गावठी औषध पितो, पथ्यावर राहतो. कावीळ उतरत नाही आणि आठवडे जातात. खरं तर ही डोक्याकडची गाठच नशिबाने लवकर बोलते. ती काढण्याची व्हिपल नावाची मोठी शस्त्रक्रिया, जिच्यात स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनळीचा आणि आतड्याचा भाग काढून सगळं पुन्हा जोडतात, तिच्यासाठी योग्य ठरणारे रुग्ण बहुधा यांतूनच निघतात. ही शस्त्रक्रिया जिथं वारंवार होते तिथंच करून घ्यावी, असं जगभरचा अनुभव सांगतो, आणि खान्देशी कुटुंबांसाठी त्याचा अर्थ बहुतेकदा परळचं टाटा रुग्णालय असा होतो. जळगावहून ते सव्वाचारशे किलोमीटर आहे. माळ घालून घालवलेल्या सहा आठवड्यांपुढे हे अंतर काहीच नाही.

जिल्ह्यात काय करता येईल? राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात देशभरातल्या २८ नोंदणी केंद्रांचे आकडे आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आहेत, आणि १९८७ पासून ग्रामीण नोंदणी चालवणारी बार्शीही आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार नाहीत. नोंदणी उभी राहायला वर्षं लागतील, पण केसपेपर आजही हातात आहे. त्यावर ‘व्यसन: हो / नाही’ एवढंच लिहून मोकळं होण्याऐवजी काय खातो की ओढतो, दिवसाला किती पुड्या, किती वर्षं, दारू किती मिली आणि आठवड्यातून कितीदा, साखर कधी निघाली, हे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत नेमानं लिहिलं जावं, आणि ज्याला सोडायचं आहे त्याला पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तिथंच लावून द्यावा. दहा वर्षं असं चाललं तर चुना-तंबाखू स्वादुपिंडाला किती लागते याचा खान्देशाचा स्वतःचा आकडा हाती येईल, आणि शिंदखेड्याच्या शेतमजुराचा अंदाज स्वीडनच्या बांधकाम मजुरांवरून बांधावा लागणार नाही.